जिचं नाव घेत नाहीत तिचा नमुना

आत-बाशी, १२ मे २००४

लाडक्या परी,

आमच्याकडची गुरंढोरं, माणसं सगळी सुखरूप. तुझ्याकडे गुरं नाहीत म्हणून तुझं एकटीचंच विचारते. कशी आहेस? बारीक झालीस असं कुबात म्हणत होता. त्याच्याच बसमधून हे पत्र पाठवतेय आणि सोबत कुरुतची पिशवी आहे. यंदाचं दही चांगलं आंबट लागलं होतं, गोळे खणखणीत वाळलेत. थोडे तुझ्या वकीलसाहेबांना दे. चघळत बसले की माणूस बोलत नाही, तेवढा वेळ तुला माझं काम करता येईल.

काम असं आहे. काल टपालातून एक जाड लिफाफा आला. बिश्केकमध्ये ओमुरबेक नावाचा गालिच्यांचा मोठा दुकानदार आहे, त्याचा. लिहिलंय की लाल आणि तपकिरी लोकरी नमद्यावरचा मेंढ्याच्या शिंगांचा अमुक नमुना त्याच्या नावावर सरकारात नोंदलेला आहे, तेव्हा यापुढे आम्ही कुणी तो कापायचा नाही, शिवायचा नाही, विकायचा नाही. सोबत प्रमाणपत्राची नक्कल. मी ती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली, शिंगं आमचीच.

आम्ही सात बायकांनी सगळा हिवाळा बसून नमद्याचे अकरा गालिचे, शिरदाक, शिवलेत, सगळे याच नमुन्याचे. बोटांना घट्टे पडलेत. ऑगस्टमध्ये इसिक-कुलच्या जत्रेत न्यायचे होते. जत्रेवाल्यांनाही त्यानं असंच पत्र धाडलंय म्हणे, आणि ते आम्हाला जागा द्यायला कचरतायत. आता ते अकरा शिरदाक काय एकमेकींच्या घरी अंथरायचे?

तू पेटंटवाल्या वकिलाकडे टंकलेखन करतेस, तुला यातलं कळत असणार. त्या माणसानं आमचा नमुना कुठे पाहिला कोण जाणे. पाहिला असेल कुठेतरी.

थोरल्या आईंना यातलं काही सांगितलेलं नाही. एक्याऐंशी वर्षांच्या सासूला कशाला त्रास. तूही कुणाजवळ बोलू नकोस.

तुझी आत्या,
अनारकुल


बिश्केक, १७ मे २००४

आत्या,

कुरुत पोचलं. बोरोनबायेवसाहेबांच्या गालात सकाळपासून एक गोळा आहे आणि कचेरीत चार वर्षांत पहिल्यांदा शांतता आहे. असंच पाठवत जा.

तू अगदी बरोबर माणसाला विचारलंस. सध्या मी साहेबांचं एक पुस्तक टंकित करतेय. परदेशी कंपन्यांसाठी आहे, नाव "देशाचा परिचय आणि येथील बौद्धिक संपदेचे संरक्षण". पहिलंच वाक्य आहे, "या देशास समुद्रकिनारा नाही." दुसरं वाक्य, "जवळचा महासागर हजारो किलोमीटर दूर आहे." मग डोंगर किती, मेंढ्या किती, स्वतंत्र कधी झालो, आणि मग एकदम पेटंट. आता मला झोपेतसुद्धा कायद्याची कलमं पाठ आहेत.

तर ऐक. डिझाइन नोंदवायचं तर ते नवं लागतं. अर्ज करण्याआधी ते चारचौघांनी पाहिलेलं असलं, कुठे छापून आलेलं असलं, तर नोंदणी रद्द होते. ओमुरबेकनं अर्जात स्वतःला कर्ता म्हटलंय आणि नमुना गेल्या वर्षी काढला असं लिहिलंय. म्हणजे तुमचा नमुना त्याच्या आधीचा आहे एवढं दाखवलं की संपलं. मी साहेबांना विचारून तुझ्या नावानं हरकत दाखल करून टाकली. सुनावणी वीस जुलैला आहे.

हरकतीत मी तुझी ओळख अशी लिहिली, "सदर नमुन्याची मूळ कर्ती, आत-बाशी येथील नामवंत कलाकार अनारकुल." वाचून मलाच ऊर भरून आला. आमच्या घराण्यात कलाकार आहे हे आजवर कुणाला ठाऊकच नव्हतं!

तुझी,
परिझात


आत-बाशी, २४ मे २००४

अगं परी, काय करून बसलीस!

कसली कलाकार आणि कसली कर्ती! तो नमुना माझा नाही. थोरल्या आईंचा आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला धड सुरी धरता येत नव्हती. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून कापायला शिकवलं. या गल्लीतल्या सगळ्याजणी त्यांच्याच हाताखाली शिकल्या. आणि आता सरकारी कागदावर मी कर्ती? हे त्यांच्या कानावर गेलं तर त्या रागावणारसुद्धा नाहीत. नुसता चहा देतील, पेला अगदी काठोकाठ भरून.

तुला शहरात राहून विसर पडला असेल. पाहुण्याला चहा अर्धा पेला देतात, म्हणजे तो पुन्हा मागतो आणि बसतो. काठोकाठ म्हणजे पी आणि ऊठ. पंचवीस वर्षांत त्यांनी मला एकदाच काठोकाठ दिला होता, आणि मी आठ दिवस माहेरी जाऊन रडत होते. तुझ्या बापाला विचार.

तेव्हा पहिलं काम म्हणजे ते नाव खोड.

आणि तुझ्या साहेबांना सांग, समुद्र नाही म्हणून गळा काढत पुस्तक सुरू करू नका. कुणी मागितलाय समुद्र? आपलं इसिक-कुल आहे ना, खारट आहे, लाटा आहेत, उन्हाळ्यात लोक उघडे पडून लाल होतात. अजून काय पाहिजे त्या परदेशी लोकांना?

आत्या


बिश्केक, १ जून २००४

आत्या,

नाव खोडलं. साहेब माझ्यावर चिडले, कारण दुरुस्तीचा वेगळा अर्ज करावा लागतो. बोऑरसोक तळून पाठव, कुरुतवर आता भागणार नाही.

आता दोन गोष्टी हव्यात. एक, थोरल्या आजींचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी त्यांना जन्मभर थोरल्या आजीच म्हणत आले, खरं नाव मलाही माहीत नाही. दोन, तुम्हा सातही जणींचे जबाब. प्रत्येकीनं आपापल्या हातानं लिहायचं की हा नमुना मी कुणाकडून शिकले आणि कधी. छापील कागद सोबत पाठवतेय, फक्त रिकाम्या जागा भरायच्या आहेत. दहा मिनिटांचं काम आहे.

पंधरवड्यात पाठवा. साहेब म्हणतात, जबाब भक्कम असले तर ओमुरबेक सुनावणीला यायचाही नाही.

तुझी,
परी


आत-बाशी, ८ जून २००४

परी,

दहा मिनिटांचं काम म्हणे! दोन दुपारी गेल्या.

सगळ्याजणी माझ्याकडे जमल्या. चहा झाला, बोऑरसोक झाले (अर्धे तुझ्या साहेबांसाठी बाजूला काढलेत), कागद वाटले. तारीख लिहिली. गाव लिहिलं. मग आली ती रिकामी जागा, "कुणाकडून शिकलात, पूर्ण नाव." सगळ्याजणींनी पेनं खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

बाई गं, आम्ही सातहीजणी त्यांच्या सुना. मी सख्खी, बाकीच्या चुलत नि चुलतचुलत, पण सून ती सूनच. सासूचं नाव आम्ही कसं घेणार? तू म्हणशील दुसऱ्या कुणाकडून भरून घ्या. पुरुष सगळे मेंढ्या घेऊन वर कुरणांत गेलेत, ऑगस्ट संपेस्तोवर खाली येत नाहीत. पोरं त्यांना आजी म्हणतात, नाव त्यांना कुणी सांगितलंच नाही. साबीरा शाळेत मास्तरीण आहे, मुलांना अख्ख्या जगाच्या राजधान्या शिकवते, म्हटलं तू तरी लिही. ती म्हणाली, "मी शाळेत मास्तरीण, घरात सून." झालं. पासपोर्ट त्यांच्या उशाखालच्या पेटीत आणि पेटीची किल्ली त्यांच्या गळ्यात.

शेवटी आम्ही सगळ्यांनी एकमतानं एकच लिहिलं. "ज्यांचं नाव आम्ही घेत नाही त्यांच्याकडून." सातही कागद सोबत आहेत. अक्षर साबीराचं चांगलं आहे, तिचा वरती ठेव.

तुझी आत्या


बिश्केक, १९ जून २००४

आत्या,

सातही जबाब परत आले. "साक्षीदारांनी व्यक्तीची ओळख दिलेली नाही" असा शेरा आहे. ज्या कारकुनानं दिले तो हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता. म्हणाला, तुमच्या गावात काय एखादी जादूगारीण आहे का?

आत्या, नाव घेणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. तोंडानं घेऊ नका असा रिवाज आहे ना? मग हातानं लिहा. तोंड बंद ठेवून लिहा. हवं तर डोळे मिटून लिहा. कुणाला ऐकू जाणार आहे?

आणि दुसरं. मी काल ओमुरबेकच्या अर्जाची पूर्ण फाइल पाहिली. त्यात त्यानं "मी तयार केलेला नमुना" म्हणून एका शिरदाकचा रंगीत फोटो जोडलाय. तपकिरीवर लाल शिंगं. तुमच्या घरी भिंतीवर जो आहे तो लालवर तपकिरी. म्हटलं, उलटा करून नक्कल मारलीय. मग नीट पाहिलं. डाव्या कोपऱ्यातल्या शिंगाच्या टोकाला एक छोटी चीर आहे आणि ती काळ्या दोऱ्यानं टाचलीय. अगदी तिथेच, तशीच चीर तुमच्या भिंतीवरच्या शिरदाकला आहे. लहानपणी मी तीत बोट घालायचे आणि थोरल्या आजी माझ्या हातावर चापट द्यायच्या, म्हणून मला ती बरोब्बर आठवते.

दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून एकाच सुरीनं कापतात, मग आतले तुकडे अदलाबदल करून त्यातूनच दोन शिरदाक निघतात, हे मलाही ठाऊक आहे. सुरी घसरली तर दोन्हीत घसरते. म्हणजे फोटोतला शिरदाक म्हणजे नक्कल नाही, तुमच्या भिंतीवरच्याचं जुळं भावंड आहे. ते तर थोरल्या आजींच्या गाद्यांच्या थप्पीत असायचं ना? मग ते बिश्केकला कसं आलं?

आत्या, "पाहिला असेल कुठेतरी" असं तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. खरं सांग.

परी


आत-बाशी, २७ जून २००४

परी,

सांगते. तुझ्यापासून लपवून काय करू, तुझ्या डोळ्यांपेक्षा कारकुनाचे डोळे बरे.

मागच्या शरदात तो आमच्याकडे आला होता. वाट चुकलो म्हणाला. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. तुझे काका घरी होते, त्यांनी मेंढी कापली. गोड माणूस गं, बोलायला इतका गोड की मीच दोनदा वाढलं. थोरल्या आई तेव्हा लेकीकडे नारीनला गेल्या होत्या. गाद्या काढताना थप्पीतून तो शिरदाक खाली आला, आणि हा पाहतच राहिला. "असा शिरदाक मी जन्मात पाहिला नाही," म्हणाला. एकदा म्हणाला तेव्हा मी ऐकलं न ऐकलंसं केलं. दुसऱ्यांदा म्हणाला. तिसऱ्यांदा हात फिरवत म्हणाला. आता पाहुण्यानं घरातली वस्तू तीनदा वाखाणल्यावर काय करायचं? तूच सांग. न देऊन घराची काय शोभा राहिली असती? दिला मी. गुंडाळून, दोरी बांधून, वर लोण्याचा बुधला.

आणि त्या जागी दुसराच एक घडी करून सारला. आठ महिने झाले, रोज गाद्या काढताना-घालताना माझा जीव टांगणीला असतो. हरकतीचं निमित्त जत्रेचं आहे, पण मला खरी भीती वाटते ती याची. त्यांचा जन्माचा शिरदाक मी उचलून दिला आणि त्याच्याच जोरावर कुणीतरी त्यांच्या सुनांना बंदी घातली. हे निस्तरलं गेलं नाही तर मी त्यांच्यासमोर बसून पुन्हा चहा कसा पिऊ?

लिहायचं म्हणशील तर ते जमणार नाही. तोंड सासरचं आणि हात काय माहेरून वेगळा आणलाय? काल पेन घेऊन बसले होते. पहिलं अक्षर लिहिलं, पुढचं निघेना. कागद चुलीत घातला.

पण एक सापडलं. १९७९ सालचं जिल्ह्याचं वर्तमानपत्र. माझ्या लग्नाचा फोटो छापला होता, "आदर्श मेंढपाळाच्या मुलाचा विवाह" म्हणून. मी मान खाली घालून बसलेय, आणि बसलेय त्याच शिरदाकवर! शिंगं स्पष्ट दिसतात. खाली नावं आहेत, तुझ्या काकांचं, सासऱ्यांचं, पक्षाच्या अध्यक्षाचं, एवढंच काय, शर्यत जिंकलेल्या घोड्याचंही. नवरीचं नाही आणि सासूचंही नाही. तरी तुला उपयोगी पडेल म्हणून पाठवतेय. कुबातला सांगितलंय, बसच्या टपावर टाकू नको, मांडीवर घे.

आत्या


आत-बाशी, १८ जुलै २००४ (घाईत)

परी,

घात झाला. थोरल्या आई कुबातच्या बसनं बिश्केकला निघाल्या! मला म्हणाल्या, दात करून घ्यायचेत. एक्याऐंशीव्या वर्षी एकदम दात! गेली सहा वर्षं त्या सुखानं बिनदातांच्या आहेत. एक भलीमोठी वळकटी घेतलीय, म्हणतात रस्त्यात कंबर दुखते म्हणून टेकायला.

हे पत्र कुबातच्याच खिशात दिलंय, त्यांच्या नकळत. तुझ्याकडेच उतरतील. परवा सुनावणी आहे आणि त्यांना त्यातलं काही कळता कामा नये. दातवाल्याकडे ने, बाजारात ने, बागेत ने, आइस्क्रीम दे, पण त्या कार्यालयाच्या रस्त्याला नेऊ नकोस. तुझ्या पाया पडते.

आत्या


बिश्केक, २१ जुलै २००४

आत्या,

तुझं घाईतलं पत्र मला मिळालं ते थोरल्या आजींच्याच हातून. कुबातच्या खिशातून त्यांनी ते रस्त्यातच काढून त्याच्याचकडून वाचून घेतलं होतं. "हे घे," म्हणाल्या, "तुझी आत्या लिहिते मला आइस्क्रीम दे म्हणून. दे." मी दिलं. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "आता ते कार्यालय कुठे आहे ते दाखव."

त्यांना सगळं माहीत होतं. गाद्यांची थप्पी त्या बोटांनी मोजतात; नारीनहून परतल्या त्याच दिवशी एक बोट कमी भरली. बाकीचं कुबातनं सांगितलं. तू माझ्याकडे पाठवलेलं एकूण एक पत्र कुबातनं रस्त्यातल्या थांब्यांवर वाचलं आणि गावी परतून त्यांना सांगितलं होतं. "एवढ्या लांबचा रस्ता," तो म्हणाला, "वाचायला काहीतरी हवं ना." मी त्याच्याशी बोलणं टाकलंय.

आता कालचं ऐक. सुनावणी घेणाऱ्या मंडळावर एक बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. ओमुरबेक एका बाजूला, नवा कोट घालून. बोरोनबायेवसाहेबांनी वर्तमानपत्र ठेवलं. ओमुरबेकचा वकील म्हणाला, फोटो काळा-पांढरा आहे, शिंगं काय सगळ्याच मेंढ्यांना असतात. तेवढ्यात थोरल्या आजींनी वळकटी सोडली. तुमच्या भिंतीवरचा शिरदाक! (भिंत रिकामी झालेली तुला दिसली नाही का गं? एवढी कशी घाबरलीस?) जमिनीवर अंथरला, गुडघ्यांवर बसल्या आणि फाइलमधल्या मोठ्या फोटोतली चीर आणि ही चीर, दोन्हींवर बोटं ठेवली. म्हणाल्या, "इथे माझी सुरी घसरली होती. हा पोरगा पोटात लाथ मारत होता म्हणून." हा पोरगा म्हणजे काका!

चष्मेवाल्या बाई खुर्चीतून उठून खाली येऊन बसल्या. दोन्ही चिरा त्यांनी पट्टीनं मोजल्या.

ओमुरबेकचा चेहरा उतरला. आजी त्याच्याकडे वळल्या. मला वाटलं आता खरडपट्टी. पण त्या म्हणाल्या, "घाबरू नकोस रे. शिरदाक तुला दिला तो दिला. मी घरी असते तर मीही दिला असता. माझ्या सुनेनं घराची लाज राखली. पण बाळा, तो बसायला दिला होता."

आत्या, हे त्यांनी तीस माणसांसमोर सांगितलं. सुनेनं लाज राखली.

ओमुरबेक पुटपुटला की मी नोंदवला नसता तर परक्या कारखान्यानं यंत्रावर छापून विकला असता, मी एक प्रकारे राखणच केली. आजी म्हणाल्या, "राखण करणारा घरच्यांनाच दाराबाहेर काढतो होय?" सगळे हसले, तोसुद्धा कसनुसं हसला.

मग बाईंनी ते परत केलेले सात जबाब मागवले आणि मोठ्यानं वाचले. "ज्यांचं नाव आम्ही घेत नाही त्यांच्याकडून." सात वेळा. आजी ताठ बसून ऐकत होत्या, माझ्या लग्नात बसतील तशा. "हे का परत केलं?" त्यांनी विचारलं. "यातल्या एकीनं जरी माझं नाव लिहिलं असतं तर मी तिला घरात घेतलं नसतं. सगळ्या खोऱ्यात विचारा, या सातजणी एकीचंच नाव घेत नाहीत. अजून कसली ओळख हवी?" चष्मेवाल्या बाईंनी सातही कागद एकावर एक नीट लावले. मग हळूच म्हणाल्या, "मीही सून आहे." आणि ते दाखल करून घेतले. आजींनी आपलं नाव स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही, तुला पत्र टाकून तोंड लपवावं लागेल.

ओमुरबेकची नोंदणी रद्द! तुम्ही जत्रेला चला!

पण शेवटी एक गंमत झाली. बाईंनी विचारलं, "आजी, मग हा नमुना तुमच्या नावानं लावू का?" आजी म्हणाल्या, "माझ्या कशाला? मला माझ्या सासूनं शिकवला." बाईंनी पेन उचललं. "त्यांचं नाव?"

आजींनी रुमालाचं टोक ओढून तोंडावर घेतलं. अगदी नव्या नवरीसारखं. आम्ही थांबलो. बाई थांबल्या. रुमाल काही खाली आला नाही. एक्याऐंशी वर्षांची बाई लाजते कशी हे बघून सगळं कार्यालय खूश झालं. शेवटी बाईंनी तो रकाना रिकामा ठेवला आणि हा नमुना पारंपरिक म्हणून साऱ्या गावाच्या नावे यादीत घ्यायचं ठरलं. तुम्हा सातजणींना त्याचा एकेक कागद भरायचाय, तोच जुना रकाना, कुणाकडून शिकलात. आता काहीही लिहिलंत तरी चालेल, असं बाई म्हणाल्या. कागद आजींबरोबर देतेय.

दातवाल्याकडे गेलो नाही. त्या म्हणाल्या, दात कशाला, बोलता तर येतंय.

तुझी,
परी


आत-बाशी, २९ जुलै २००४

परी,

थोरल्या आई सुखरूप पोचल्या. मी दारात उभी होते. आत आल्या, बसल्या, आणि मला म्हणाल्या, "चहा मी करते." मी डोळे मिटून पेला घेतला. उघडून पाहिला तर अर्धा. परी, मी त्या अर्ध्या पेल्यावर इतकी रडले की तो भरला असेल. त्या म्हणाल्या, "पुरे, मीठ फार होतंय."

शिरदाक सगळे धुऊन वाळत घातलेत. जत्रेला आठहीजणी जाणार, म्हणजे त्यासुद्धा. कुबातला मी चार शब्द सुनावलेत, आणि हे पत्र चिकटवून वर मेण लावलंय. तरी त्यानं वाचलंच तर वाचू दे, यातलं त्यालाही कळलेलं बरं.

तू लिहिलंस की त्या कार्यालयात लाजल्या. नाही गं. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं आणि सांगितलं. त्या लाजल्या नव्हत्या. त्यांना सासूचं नाव आठवलं नाही.

सतराव्या वर्षी या घरात आल्या. नाव तेव्हा कुणीतरी कानात सांगितलं होतं, चुकून तोंडातून जाऊ नये म्हणून. मग जन्मभर घेतलं नाही. मनातसुद्धा घेतलं नाही, मोठ्या निष्ठेनं. आणि परवा त्या बाईंनी पेन उचललं, यांनी मनात हात घातला, तर तिथे काही नाही. परतीच्या सगळ्या रस्त्यात शोधत होत्या म्हणे. म्हणाल्या, "सुरी कशी धरायची ते आठवतं. अंगाला कसला वास यायचा तो आठवतो. कापताना ती जीभ दातांत धरायची, तेही आठवतं."

मी तुझ्या काकांना वर निरोप धाडला. त्यांनी सात पिढ्यांची नावं पाठवली, बापाचं, आजाचं, पणज्याचं, घडाघडा. सगळी बापेमाणसं. आजीचं नाव काय ते त्यांना ठाऊक नाही, आजीच म्हणायचे. बुजुर्ग दोघेतिघे उरलेत, त्यांना विचारलं. एक म्हणाला, गोरीपान होती. बस. परी, ते नाव आता जगात कुणालाच माहीत नाही. मला फार वाईट वाटलं गं. मी त्या बाईला कधी पाहिलंही नाही, आणि पंचवीस वर्षं तिच्याच शिंगांवर माझी बोटं फिरतायत.

हा शोध संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या सुनांना बोलावलं. तुझे कागद पुढे ठेवले. म्हणाल्या, "माझा रकाना रिकामा राहिला. तुमचा राहायचा नाही. लिहा."

कुणी हलेना. साबीरा म्हणाली, "आई, आमच्याच्यानं नाही होणार." त्या म्हणाल्या, "तोंडानं घ्याल तर घराबाहेर काढीन. पण लिहा. मी समोर बसते."

आणि खरंच समोर येऊन बसल्या, हात मांडीवर ठेवून. सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या, मी सख्खी म्हणून. मी पेन उचललं. अर्धं लिहून वर पाहिलं तर त्या कागदाकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण आपलं नाव कसं दिसतं ते पाहत होत्या. मग म्हणाल्या, "एवढंच? मला वाटायचं मोठं असेल."

माझा भरलेला कागद सोबत जोडलाय, तो त्या चष्मेवाल्या बाईंच्या हातात दे. अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घ्या म्हणावं. आणि कागद एखादवेळी हरवतो, म्हणून तुझ्याकडेही असावं, यासाठी इथे पुन्हा लिहिते. माझ्यासमोर कधी उच्चारू नकोस, पण पुढे तुला पोरी होतील त्यांना सांग.

कुणाकडून शिकलात: कानिमबूबू, मोल्दोअलीची मुलगी.

तुझी आत्या,
अनारकुल